अर्जातली खोडलेली ओळ

परभणीच्या कोर्टात अर्ज घेण्याच्या खिडकीवर मी बसतो. दिवसभर तेच तेच प्रश्न ऐकून दुपारपर्यंत माझा आवाज चढलेला असतो, असं घरचेही म्हणतात. पालमहून आलेल्या त्या आजींपुढे मात्र तो चढला नाही.

त्यांचा निराधाराचा पगार बंद झाला होता. आमच्याकडे या पेन्शनला पगारच म्हणतात. कमावता मुलगा पुण्यात आहे, मग तुम्ही निराधार कशा, असा निर्णय आला होता. त्याविरुद्ध दाद मागायला त्या वकिलाशिवाय, एकट्याच आल्या होत्या.

टाइप करणाऱ्यानं अर्जात 'मुलगा सांभाळत नाही' असं घातलं होतं. कुणाकडून तरी वाचून घेऊन आजींनी ती ओळ पेनानं गिरगटून खोडली होती.

"आजी, मुद्द्याचंच खोडलंत की."

"लेकराच्या नावानं बोटं मोडायला आले न्हाई मी. पगार मागायला आलेय."

फी माफीचा अर्जही त्यांना नको होता. त्यातसुद्धा लेकाविरुद्ध लिहून द्यावं लागतं, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. उपाशी राहीन, पण फी भरते, म्हणाल्या. मी समजावलं, की बाईमाणसाला फी माफ करताना कमाई विचारत नाहीत, मुलाचं तर नाहीच. तेव्हा कुठे त्यांनी अंगठा उठवला.

माफी मंजूर झाली तशी त्यांनी खिडकीतून हात आत घातला. "शून्याचं तिकीट द्या मग. एसटीत देतेत की."

पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट असली तरी कंडक्टर शून्याचं तिकीट देतोच, आणि ते मुठीत असल्याशिवाय आजींना सीटवर चैन पडत नसे. मला हसू आलं. माफीच्या आदेशाची नक्कल हातात दिली, ती त्यांनी कमरेच्या पिशवीत जपून ठेवली.

सुनावणीला मी काम टाकून मागच्या बाकावर जाऊन बसलो. सगळं त्या खोडलेल्या ओळीवरच अडणार होतं, आणि या गप्प राहतील अशी मला धास्ती होती.

"मुलगा पैसे पाठवतो का?" न्यायाधीशांनी विचारलं.

आजींनी नजर कठड्यावर ठेवली. "न्हाई पाठवत," म्हणाल्या. "त्याचंच भागंना तिकडं. त्याला काई करू नका, साहेब."

"खटला त्याच्यावर नाही, आजी."

पगार पुन्हा सुरू करण्याचा निकाल झाला. आजींनी नुसते हात जोडले. एवढी खमकी आणि एवढी मायाळू बाई मी त्या खिडकीतून दुसरी पाहिलेली नाही.

निकालाची नक्कल न्यायला आल्या तेव्हा त्यांनी आवाज खाली घेतला. "यातलं एक त्याच्या पत्त्यावर जात न्हाई न्हवं?"

"नाही, आजी. त्याला काहीच जाणार नाही."

"मग झालं," म्हणाल्या आणि हसल्या. पगार सुरू झाल्याचं ऐकतानाही त्या हसल्या नव्हत्या.