मिरजेत न झालेला गोल
माझी भाची केतकी साताऱ्याच्या कॉलेजात मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. यंदा तिचं शेवटचं वर्ष. मिरजेच्या कॉलेजशी त्यांची जुनी चुरस आणि गेली दोन वर्षं हार. या वेळची उपांत्य फेरी मिरजेतच आहे म्हटल्यावर तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ विलास, मलाही चल म्हणाला. फौजेतून निवृत्त होऊन तो मेढ्याला शेती करतो, पण लेकीचा सामना चुकवत नाही.

सकाळी सहाची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे मी खुशीत. कराडला मिसळ खाल्ली. पुढे पेठ नाक्यापासून सांगलीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडलो. कुणी जाणार असाल तर चार तास धरूनच निघा. मिरज स्टँडवरून मैदान रिक्षानं दहा मिनिटांवर.

विलासनं वाटेतच बजावलं होतं, मिरजेचं पब्लिक लय कडक, आपल्या माणसांतच बस. पण ऊन सोसेना, म्हणून मध्यंतरानंतर मी केतकीच्या गोलामागच्या लिंबाखाली गेले. तिथे सतरंजीवर पद्माक्का बसल्या होत्या, जवळच्याच गावच्या. त्यांची स्नेहा मिरजेची फॉरवर्ड. माझी भाची गोलात आहे म्हटल्यावर त्यांनी सरकून जागा दिली आणि भाजक्या शेंगा पुढे केल्या.

शेवटची दहा मिनिटं उरली तरी गोल नव्हता. तेवढ्यात स्नेहानं डावीकडून जोरात फटका मारला. बॉल जाळीत. रेफ्री लांब होता. त्यानं शिट्टी मारून गोल दिला. हलगी कडाडली. केतकी बाजूच्या जाळीकडे हात करून काहीतरी सांगत होती, पण तो ऐकेना. मला धुळीत काहीच दिसलं नव्हतं.

पद्माक्का उठून थेट रेषेपाशी गेल्या.

"साहेब, गोल न्हाई ह्यो. बाजूची जाळी फाटलीया, तिथनं शिरलाय बॉल. मारणारी माझीच पोरगी हाय."

मागून कुणीतरी त्यांना गप्प बसायला सांगितलं. तेव्हा हलगीवाला पुढे आला आणि म्हणाला, आक्का खरं बोलतायत, मीही बघितलंय. मग आणखी तिघं-चौघं तेच म्हणाले. रेफ्रीनं जाळी चाचपली. भोकातून त्याचा हात कोपरापर्यंत आरपार गेला. गोल रद्द झाला. स्नेहानं आईकडे पाहिलंसुद्धा नाही.

पेनल्टीवर आम्ही जिंकलो. शेवटचा फटका केतकीनं अडवला. मिरजेची माणसं उठून जातील असं वाटलं होतं, पण ती थांबली, टाळ्या वाजवल्या, आणि हलगी पुन्हा वाजली, आमच्या पोरींसाठी.

विलास पद्माक्कांचे आभार मानायला गेला.

"माझं कसलं आभार? गोल नव्हताच," त्या म्हणाल्या. त्यांचं लक्ष पलीकडे बूट काढणाऱ्या लेकीकडे होतं. रागावली असेल का, मी विचारलं.

"रागावणारच. दोन दिस बोलायची न्हाई."

आम्ही रिक्षात बसलो तेव्हा स्नेहा आली. तिनं सतरंजी झटकली, घडी करून काखेत घेतली आणि आईच्या बरोबरीनं चालू लागली.

परतीच्या एसटीत केतकीचा संघही होता. साताऱ्याला पोचल्यावर तिच्या मैत्रिणी गाणी म्हणत उतरल्या. विलास माझ्या घरी चहाला थांबला. कप खाली ठेवत म्हणाला, "ताई, केतकीनं तसा गोल मारला असता आन् मला दिसलं असतं, तर मी उठलो असतो का गं?"