कुंपणातली वेल

लग्नानंतर माझा पहिला संसार इंदापूरच्या माळावर तंबूत झाला. हे सरकारी नोकरीत होते. कालव्याचं पाणी पुढं सरकत होतं, त्याच्यामागून ऊस येत होता आणि माळावरचं काटेरी रान मुळासकट उपटलं जात होतं. ते संपायच्या आत तिथं कोणकोणती झाडंझुडपं, वेली, गवतं आहेत ते पाहायचं आणि एक तुकडा तरी राखून ठेवायचा, हे ह्यांचं काम. हे फांद्या आणायचे, मी त्या कागदांत दाबून वाळवायची. मला ते आवडायचं.

बावडा गावाच्या अलीकडं ह्यांनी रानाचा एक तुकडा काट्यांचं कुंपण घालून बंद केला होता. आत खडकाच्या कपारीत एक बुटकी वेल होती. तसली दुसरीकडं कुठं सापडली नव्हती. शेंग भरली का ते पाहायला हे रोज तिच्यापाशी उकिडवे बसायचे.

ऐन उन्हाळ्यात एका म्हाताऱ्या धनगरणीची शेरडं कुंपणात शिरली आणि ती वेल बुडख्यापर्यंत खाऊन गेली. ह्यांनी सगळी शेरडं कोंडवाड्यात घालायला लावली. "मी सांगेपर्यंत पाणी पाजायचं नाही," असं राखणदाराला बजावलं.

म्हातारी तंबूपाशी आली. "बाई, मुकी जनावरं हायती. मला मारा, पर त्यास्नी पानी पाजू द्या."

मी आत जाऊन म्हटलं, "अहो, बाहेर आग पडलीय."

"ती वेल परत येणार आहे का?" एवढं बोलून हे जेवायला बसले.

ह्यांचा डोळा लागल्यावर मी हंडा घेऊन कोंडवाड्यावर गेले. राखणदार म्हणाला, "बाईसाहेब, माझी भाकरी सायबाच्या हातात हाय." त्यानं माझ्या डोक्यावरचा हंडा उतरवून फाटकाबाहेर पालथा केला. ओल्या मातीच्या वासानं शेरडं फाटकावर येऊन आदळायला लागली.

सकाळपर्यंत दोन शेळ्या मेल्या होत्या. एक करडू मेलेल्या आईच्या सडाला लुचत होतं. हे आले आणि शिपायाला म्हणाले, "पोटं फाड ह्यांची."

"सायेब, माझ्याम्होरं नगं," म्हातारीनं हात जोडले.

"मग बाजूला हो."

पोटातून निघालेला चघळलेला पाला हे बोटांनी चिवडत बसले. त्यात त्यांना त्या वेलीचे काही दाणे शाबूत मिळाले. लग्नात दिसला नव्हता एवढा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. रक्ताळलेली मूठ माझ्यापुढं धरून म्हणाले, "घे, धुऊन ठेव."

मी हात मागं घेतले. हे हसले. "बायकांचं काळीज," म्हणाले आणि स्वतःच दाणे धुतले.

पावसाळ्यात ते उगवले. ह्यांचं नाव झालं, वेल पाहायला पुण्याहून पाहुणे आले. मधल्या काळात म्हातारीनं उरलेली शेरडं विकली होती आणि पोटासाठी ती आमच्याच कुंपणाला काटे रचायला येत होती. पाहुण्यांसमोर हे तिला म्हणाले, "घट्ट लाव. शेळी शिरता कामा नये."

"व्हय, सायेब," म्हणत तिनं बाभळीची फांदी उघड्या तळव्यांनी खाली दाबली. मी पाहुण्यांना चहा दिला.