पांढरा वाडगा आणि पिंजाऱ्याचा हात

मी आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं तेवढंच मानलं. भूतखेत, स्वप्न, दृष्टांत... कोणी विषय काढला की मी सरळ उठून चहा ठेवायला जायची. वडील कचेरीत हेडक्लार्क. कागदावर नाही ती गोष्ट घडलीच नाही, हा आमच्या घरचा खाक्या. या सदरात पांढऱ्या साडीतल्या बाया पाहिलेल्यांना माझा अनुभव फिका वाटेल, कारण माझ्या अनुभवात फक्त एक वाडगा आहे.

साल एकसष्ट किंवा बासष्ट, हिवाळा. यवतमाळातला एक धर्मादाय दवाखाना – नाव मुद्दाम देत नाही. मी नागपूरहून लॅब टेक्निशियनचं शिकून आले होते. वय तेवीस, आणि जगातली सगळी अक्कल आपल्याकडेच आहे अशी खात्री. ऑपरेशन थिएटरला लागून एक लांबट खोली होती, पूर्वेला खिडकी. तीच आमची लॅब. तिथे मी आणि डॉ. सोहोनी. काचपट्टी बघून निदान सांगायचं काम त्यांचं, काचपट्टी तयार करायचं माझं.

गाठ साधी की कॅन्सरची, हे कळायला तेव्हा आठवडा जायचा. तुकडा औषधात भिजवा, मेणात बसवा, कापा, रंगवा... पण आमच्याकडे एक फ्रीझिंग मायक्रोटोम होता आणि त्याचा मला भारी अभिमान. तुकडा त्याच्या ठोकळ्यावर ठेवायचा, खालून सिलिंडरचा गॅस सोडायचा – फुस्स, फुस्स – की तुकडा गोठून कडक. मग पात्याने काप काढून पाण्यात सोडायचे, त्यातला पातळ, सपाट काप ब्रशने काचपट्टीवर घ्यायचा, निळा रंग द्यायचा. दहा मिनिटांत उत्तर! तोवर रोगी पलीकडे बेशुद्ध, आणि सर्जन हातमोजे घालून उभे.

गफूरभाई दिग्रसचे पिंजारी. गाद्या-रजयांचा कापूस पिंजण्यात पन्नाशी गाठलेली. उजव्या हाताला कोपराखाली लिंबाएवढी गाठ आली होती आणि ती वाढत होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रक्त घ्यायला मी वॉर्डात गेले, तर त्यांची बायको हलीमाबी त्यांच्या पायाशी बसलेली.

"बाई, खरं सांगा," गफूरभाई म्हणाले, "गाठ खराब निंघाली तं हात काढतीन ना?"

मी त्यांच्या डाव्या दंडाला पट्टी आवळत राहिले. सर्जननी त्यांना तसं सांगितलंच होतं.

"मंग मी पिंजू कायनं? दातानं?" असं म्हणून ते स्वतःच हसले, आणि हसता हसता खोकायला लागले. हलीमाबीने तोंड फिरवलं.

तो खोकलाच खरी अडचण होती. जन्मभर कापसाचे तंतू छातीत गेलेले. सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं – ही छाती ईथरची भूल एकदा कशीबशी सोसेल, दुसऱ्यांदा नाही. म्हणजे आठवडाभर थांबून पुन्हा टेबलावर घेणं शक्य नव्हतं. जे ठरायचं ते त्याच वेळी, आमच्या दहा मिनिटांत.

आणि नेमकी ऑपरेशनच्या सकाळीच मी माती खाल्ली.

काप पाण्यात सोडायला आमची एक काचेची पसरट बशी होती, तिच्याखाली मी काळा कागद ठेवत असे. ती बशी धुताना माझ्या हातून फुटली. दुसरी नव्हती. मी काय केलं, तर डब्यासोबत आणलेला घरचा दह्याचा वाडगा रिकामा करून घासला. एनॅमलचा, आत-बाहेर पांढरा, निळ्या काठाचा, एका जागी टवका उडालेला. पाणी ते पाणी, म्हटलं. सोहोनी सर त्यांच्या जागी वाचत होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

साडेदहाला तुकडा आला. सिलिंडरही तळाला गेलेला, नवा नागपूरहून यायचा होता. चार-पाच काप निघाले आणि गॅस संपला. तुकडा माझ्या डोळ्यांदेखत मऊ पडला. वाडग्यात पाहिलं तर तीन कापांच्या फाटून चिंध्या झालेल्या आणि एकच अखंड दिसत होता – जाडसर. तोच उचलला.

सर सूक्ष्मदर्शकावर वाकले ते कितीतरी वेळ वर बघेनात.

"जाड आहे गं कुमुद. पेशी एकमेकींवर चढल्यात... पण गर्दी फारच दिसतेय. लक्षण बरं नाही. दुसरा दे."

"नाही सर, हा एकच."

"नवीन काप?"

"गॅस संपला."

सरांनी चष्मा काढून पुसला. तो सावकाश पुसला की उत्तर वाईट, हे मला ठाऊक होतं. मग ते उठले आणि थिएटरच्या दाराकडे निघाले. दातानं पिंजू का म्हणणारा माणूस भिंतीपलीकडे झोपला होता.

तेव्हा मला तो आवाज आला. टण्ण... टण्ण... पिंजणाच्या तातीचा, म्हणजे कापूस पिंजायच्या धनुकलीच्या ताणलेल्या दोरीचा. अगदी जवळून, खोलीतल्या खोलीत असावा असा. मी वळून पाहिलं तर टेबलावर फक्त वाडगा. आवाज त्याच बाजूने. का कोण जाणे, मी वाडग्यावर वाकले आणि तो खिडकीकडे कलता केला. तिरप्या उन्हात काठाशी, टवक्याच्या अगदी खाली, काहीतरी चकाकलं. एक पातळ काप, अखंड, सुरेख. पांढऱ्यावर पांढरा, म्हणून दिसलाच नव्हता!

"सर, थांबा! आहे... दुसरा आहे!"

काप ब्रशने काचपट्टीवर घेतला, निळा रंग दिला. सरांनी बघितलं, काचपट्टी इकडून तिकडे सरकवून बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, "अगं, साधी आहे! साधी गाठ आहे ही!" आणि जवळजवळ धावतच आत गेले.

हात राहिला. पुढे आठवड्याने मेणातले काप पाहिले तेव्हाही उत्तर तेच आलं. साधी गाठ.

मी सरांना विचारलं, पिंजाऱ्याचा आवाज ऐकलात का? ते म्हणाले, "कसला आवाज?" रस्त्याने कोणी गेला असेल, म्हणून मी ते तिथेच सोडलं. वाडगा घरी नेऊन उकळून घासला. काठाला चिकटलेल्या कापाचं मी कोणालाच सांगितलं नाही. सरांनाही नाही. त्यांना वाटलं, मी कुठूनतरी एक निवडून दिला. लाज वाटत होती हो! माझ्या दह्याच्या वाडग्यापायी एका माणसाचा हात जात होता.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात गेले. गफूरभाई उठून बसले होते, हलीमाबी त्यांना पेज भरवत होती.

"बाई, एक पुसू का? रागावू नका," ते म्हणाले. "तुमी पांढऱ्या बर्तनात काहून पाहून राह्यले व्हते?"

"कसल्या बर्तनात?"

"निळ्या काठाच्या. टवका उडेल. जाडा पुंजका उचलला तुमी, अन् चांगला पापुद्रा काठाले तसाच चिकटून. मी किती आवाज देल्ला तुमाले! तोंडातून बोलच निंघेना. मंग तात वाजोली."

मी खाटेचा दांडा धरला. हलीमाबी म्हणाली, "शुद्धीत आले तवापासून हेच बोलून राह्यले, बाई. मी म्हनलं, दवाईचं असंन."

त्यांना थिएटरमध्ये नेलं दुसऱ्या दाराने, आणलंही त्याच दाराने. लॅबमध्ये त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. वाडगा मी त्या एकाच दिवशी वापरला. आणि तो काप काठाला चिकटला होता, हे तर फक्त मला माहीत होतं.

"आमी काया कपड्यावर पाह्यतो, बाई," – काया म्हणजे काळ्या – ते अगदी समजुतीने म्हणाले, एखाद्या नवशिक्याला सांगावं तसं. "पांढऱ्यावर कापूस दिसते का कधी?"

मी तेवीस वर्षांची, नागपूरची शिकलेली. मान खाली घालून "चुकलंच माझं" म्हणाले. ती चूक मी आयुष्यात पहिल्यांदा कबूल केली ती त्यांच्यासमोर, आणि आज तुमच्यासमोर.

पुढे दरवर्षी दिवाळीआधी गफूरभाई एस.टी.ने दिग्रसहून यायचे, खांद्यावर पिंजण घेऊन. आमच्या अंगणात काळं कापड अंथरून गादीचा कापूस पिंजायचे, उजव्या हाताने. दर वेळी मी चहा देताना विचारायची, "गफूरभाई, तुम्हाला दिसलं तरी कसं?" आणि ते दर वेळी म्हणायचे, "मले काय मालूम बाई, मी तं झोपलो व्हतो." सोहोनी सर गेले, गफूरभाईही गेले. उत्तर मला मिळालं नाही, आणि खरं सांगते, आता त्याची रुखरुखही नाही. त्यांनी पिंजलेल्या गादीवर मी अजून झोपते. झोप छान लागते.