पाचवा रकाना

"कोरं ठेवू नका, गुरुजी. निरंक तर निरंक, पण लिवा."

असं म्हणताना ते पेनाचं टोपण कागदावरच्या रिकाम्या चौकटीवर दोनदा आपटायचे. मग कागद आपल्याकडे फिरवायचे आणि आपण लिहून होईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसायचे. सरकारी कागदावर ‘सांगण्यासारखं काही नाही’ हे सांगायला निरंक हा शब्द आहे. आमच्या तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात तो सगळ्यात जास्त वेळा त्यांनीच लिहून घेतला असेल. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. कचेरीतल्या कारकुनाला आमच्याकडे भाऊसाहेबच म्हणतात. पण त्यांच्या बाबतीत ते नावासारखं झालं होतं, आणि खरं नाव विचारायचं कुणाला सुचलं नाही.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. प्रत्येक कचेरीत एक असतो. साहेब बदलतात, खुर्च्या बदलतात, भिंतीचा रंग बदलतो, आणि तो त्याच कपाटाशेजारी त्याच पट्टीने रेघा मारत असतो. भाऊसाहेबांची पट्टी लाकडी होती. संगणक आल्यावरही ते आधी कागदावर रकाने आखत आणि मगच यंत्राकडे वळत. "यंत्रात ओळ पुसली की गेली," म्हणत, "कागदावर खोडलेलं तरी दिसतंय."

मी कागलकडच्या एका गावात प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक होतो. सव्वाशे मुलं, पाच शिक्षक. निम्म्या मुलांचे वडील पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत पाळीवर जाणारे. वरून माहिती मागवली जायची, मी ती पाठवायचो. स्थलांतरित मुलं किती? निरंक. शाळेच्या जागेवर अतिक्रमण? निरंक. निरंक पाठवलं की पुढचा प्रश्न येत नाही, हे नोकरीत फार लवकर कळतं. एक काहीतरी दाखवलं की त्याचा दाखला, मग फोटो, मग केलेल्या कार्यवाहीचा अहवाल. या सवयीचा आम्हाला कुणालाच संकोच वाटत नव्हता.

महामारीचा पहिला पावसाळा होता. शाळा बंद होत्या आणि शिक्षकांना घरोघरच्या सर्वेक्षणावर पाठवण्याचे आदेश निघायचे होते. त्याआधी एक पत्र आलं. शाळेतली कोणती मुलं आणि कोणते कर्मचारी आधीपासून गंभीर आजारी आहेत, त्यांची माहिती तात्काळ सादर करावी. नाव, वय, आजार, चालू औषध, असे चार रकाने. यादीत नाव असेल त्याला सर्वेक्षणातून सूट. मुलांची नावं आरोग्य केंद्राकडे जाणार. मी पत्र वाचलं, आणि दहा मिनिटांत उत्तर पाठवलं. विद्यार्थी, निरंक. कर्मचारी, निरंक.

तासाभरात फोन आला.

"काय ओ गुरुजी, काय पाठवलासा हे? सव्वाशे पोरं, पाच मास्तर, आणि सगळी ठणठणीत? शाळा हाय का तालीम?"

मी म्हणालो, "भाऊसाहेब, तुम्हीच म्हणता, निरंक तर निरंक."

मग ते हळू आवाजात म्हणाले, "ते येगळं हुतं. ह्या वक्ताला निरंक घेणार न्हाय मी. कुणाचंबी घेणार न्हाय."

मग आणखी हळू म्हणाले, "तुमची साखर किती हाय सध्या?"

मला मधुमेह होता हे शाळेत कुणाला माहीत नव्हतं. भाऊसाहेबांना माहीत होतं. आमच्या सगळ्यांच्या आजारपणाच्या फायली त्यांच्याच टेबलावरून वर जायच्या. कुणाची बायपास, कुणाचा मूतखडा, कुणाच्या बायकोचं गर्भाशय, तालुक्यातल्या चारशे शिक्षकांची दुखणी त्या एका डोक्यात होती. मनात आणलं असतं तर त्यांनी बसल्या जागी सगळी यादी भरली असती.

"मग तुम्हीच लिहा ना," मी म्हणालो.

"मी न्हाय लिवायचा. आजार तुमचा, सही तुमची. मी निस्तं विचारणार."

त्या आठवड्यात त्यांनी निरंक पाठवलेल्या प्रत्येक शाळेला फोन केला. कार्यालयात तेव्हा दोन-तीनच माणसं येत होती. शिवाजी पेठेतल्या आपल्या खोलीवरून ते सायकलने यायचे, नाक्यावर पोलिसाला ओळखपत्र दाखवायचे, आणि मास्क लावून त्या रिकाम्या कचेरीत दिवसभर फोनवर बोलत राहायचे. आदेश निघायच्या आत यादी खरी झाली पाहिजे, एवढंच त्यांनी धरलं होतं. साहेबांनी विचारलं, इतका उशीर का? हे म्हणाले, "निरंक मोजायला टाईम लागत न्हाय, सायेब. माणसं मोजायला लागतोय."

मी पुन्हा बसलो. एकेका पालकाला फोन लावला. सातव्या दिवशी माझ्या निरंक शाळेत अकरा मुलं निघाली. दोघांना फिट येत होती. चौथीतल्या एका मुलीच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. ती कबड्डीत कधी उतरत नसे आणि मी तिला आळशी समजत आलो होतो. तिची आई म्हणाली, "सर, कागदावर नगा घेऊ. उद्या पोरीच्या लग्नात हेच आडवं येईल."

मी हे भाऊसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "तिच्या आईला सांगा, जिल्ह्याला निस्ता आकडा जातोय. नाव फकस्त आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला, तेबी बंद पाकिटात. आणि माझ्याकडची प्रत कपाटात. किल्ली माझ्या जानव्याला न्हाय, करगोट्याला हाय म्हणावं." आई फोनवर हसली, आणि हो म्हणाली.

शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी होत्या. त्यांची एक किडनी काढलेली. त्यांना शिक्षकांत धरायचं की कुठं, असं विचारायला मी फोन केला. नमुन्यात त्यांच्यासाठी जागाच नव्हती.

"जागा न्हाय तर ओळ वाढवा की," भाऊसाहेब म्हणाले. "पट्टी हाय न्हवं तुमच्याकडं?"

त्यांनी स्वतःही त्या नमुन्यात एक रकाना वाढवला होता. छापील चार रकान्यांच्या उजवीकडे, पेनाने आखलेला पाचवा. ‘घरात सोबत कोण.’ वरून तो कुणी मागितला नव्हता आणि वर तो कुणी पाहणारही नव्हतं. मी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आजारी माणसाला पाणी कोण देणार, हे नको व्हय कळायला?"

माझी पत्नी शेजारच्या गावात शिक्षिका होती. तिला दमा होता. तिच्या शाळेनेही निरंकच पाठवलं होतं, आणि तिचीच तशी इच्छा होती. संध्याकाळी फोन आला तेव्हा आम्ही चहा घेत होतो. तिने फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"बाई, दम्याचं लिवला न्हाईसा."

"भाऊसाहेब, माझं नाव काढलं तर माझ्या वाट्याच्या गल्ल्या दुसऱ्या बाईच्या अंगावर पडतील. तिचं मूल लहान आहे."

"बाई, गल्ल्या कुठं जात न्हाईत. तुमी जाशीला."

ती इतकी हसली की तिला खोकला आला. खोकला थांबेपर्यंत ते पलीकडे थांबून राहिले. मग म्हणाले, "ह्योच लिवा रकान्यात." तिने लिहिलं. पाचव्या रकान्यात माझं नाव घातलं, आणि माझ्या कागदावर मी तिचं.

आदेश निघाले तेव्हा आम्हा दोघांचीही नावं त्यांत नव्हती. पुढे वरून दर आठवड्याचा अहवाल मागवू लागले. यादीतल्या माणसांची प्रकृती कशी आहे, एवढाच. भाऊसाहेबांनी त्यासाठी बुधवार धरला. मला अकराची वेळ होती.

"ताप?"

"नाही."

"खोकला?"

"नाही."

"गोळ्या चालू?"

"चालू."

"सोबत?"

"आहे की. तुमच्याच नावाने खडे फोडतेय."

"फोडू दे. म्हंजे ठणठणीत हाय." फोन बंद.

दुसऱ्या उन्हाळ्यात ती गेली. ती कुठल्या सर्वेक्षणाला गेली नव्हती, दाराबाहेरही फारशी पडली नव्हती. आजार आत कसा आला ते कळलं नाही. यादीने तिला एक वर्ष दिलं असेल, किंवा दिलं नसेलही. याचा हिशेब मी पुष्कळ दिवस मांडत बसलो, आणि मग सोडून दिला. त्या दिवसांत भेटायला कुणी येऊ शकत नव्हतं. मुलगी नाशिकला अडकली होती. घरात दोन कप होते. मी एकच धुवायचो, आणि दुसरा तसाच स्वच्छ राहायचा.

बुधवारी अकराला फोन वाजला. मला वाटलं होतं, ह्या खेपेला तरी ते करणार नाहीत.

"ताप?" आवाज नेहमीचाच होता.

"नाही."

"खोकला?"

"नाही."

"गोळ्या?"

मी गोळ्या आठ दिवस घेतल्या नव्हत्या. तसं सांगितलं. ते म्हणाले, "उठा. घ्या. मी हाय फोनवर." मी उठलो, गोळी घेतली, पाणी प्यायलो. घोटाचा आवाज त्यांना ऐकू गेला असावा.

मग पुढचा प्रश्न आला नाही. मीच म्हणालो, "सोबत, निरंक."

"निरंक न्हाय," ते म्हणाले. "निरंक मी घेत न्हाय, ठाऊक हाय तुमास्नी. फोनवर एक, असं लिवतो."

मग म्हणाले, "बाईंच्या ओळीत शेरा लिवायचा हाय. साहेब मागत्यात. पेन घेऊन बसलोय दोन दिस. कोरंच ठिवलंय, गुरुजी."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. तीस वर्षांत त्यांच्या कागदावर कोरी राहिलेली दुसरी चौकट मला ठाऊक नाही.

शाळा सुरू झाल्या, मास्क खिशांत गेले. भाऊसाहेब निवृत्त झाले, माझीही निवृत्ती झाली. बुधवारचा फोन येत राहिला. एकदा दाखल्यासाठी कार्यालयात गेलो तेव्हा त्यांच्या खुर्चीतल्या नव्या मुलीला मी सहज विचारलं, की तो प्रकृतीचा अहवाल अजून वर जातो का? ती म्हणाली, "कुठला ओ सर? तो शाळा उघडल्या तवाच बंद झाला की."

पुढच्या बुधवारी मी ते त्यांना सांगितलं नाही. "अहवाल ऱ्हायलाय तुमचा," ते म्हणाले, आणि मी अहवाल दिला. त्यात हळूहळू आणखी ओळी वाढल्या होत्या. झोप लागती का? काय वाचतासा? भाजी काय केलासा? मी वाचत असलेल्या पुस्तकांची नावं ते लक्षात ठेवायचे. वाचायचे मात्र नाहीत. "तुमी वाचलासा न्हवं, मग झालं," म्हणायचे.

शेवटी मी विचारायचो, "आणि तुमची तब्येत, भाऊसाहेब?"

"निरंक!" ते मोठ्याने म्हणायचे, आणि मी हसून फोन ठेवायचो.

यंदा पावसाळा संपता संपता एका बुधवारी अकराला फोन आला नाही. साडेअकराला मी लावला. एका बाईंनी उचलला. भाऊसाहेब ज्यांच्या माडीवर राहायचे त्या घरमालकीण. म्हणाल्या, "सोमवारी दुपारी गेले ओ ते."

मी शिवाजी पेठेत गेलो. खालच्या गल्लीत पोरं फुटबॉल खेळत होती. त्यांनी खेळ थांबवून मला वाट दिली. माडीवर एक खाट होती, एक टेबल होतं आणि त्यावर लाकडी पट्टी. आमच्या मावशी आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांना इथे पाहून मला नवल वाटलं.

"मलाबी यायचा की फोन," त्या म्हणाल्या. "साडेधाला. दर बुधवारी. पाणी किती प्यालासा इचारायचं."

मालकीणबाई म्हणाल्या, "बुधवारी सकाळी आंघूळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसायचं. मी म्हणायची, भाऊसाहेब, कुठं निघालासा? तर म्हणायचं, हापिस हाय." मग खिडकीतल्या गोळ्यांच्या डब्याकडे बोट करून म्हणाल्या, "हृदय निम्मंच चालतंय म्हणून डॉक्टरनं सांगितल्यालं. बारा वरसं झाली. जिनं चढायचं न्हाय म्हणाला हुता, आणि हे माडीवरच ऱ्हायलं."

बारा वर्षं. म्हणजे त्या रिकाम्या कचेरीत फोन करत बसलेल्या दिवसांतही. कार्यालयाच्या यादीत त्यांनी स्वतःच्या नावापुढे काय लिहिलं होतं, ते आता कुणालाही विचारायची गरज नव्हती. त्यांनी खरं लिहिलं असतं तर त्यांना घरी बसवलं असतं, आणि मग आमची निरंकं तशीच वर गेली असती. हे मला समजतं. समजत नाही ते माझं. सव्वाशे मुलांचं निरंक ज्याने मला मागे घ्यायला लावलं, त्याचं निरंक मी दर बुधवारी हसून घेत राहिलो. आणि पाचव्या रकान्याचा प्रश्न, सोबत कोण, तो तर एकदाही विचारला नाही. उत्तर मला येत होतं. त्यांनीच मला ते दिलं होतं: फोनवर एक.

"जवळ कुणी होतं का?" मी मालकीणबाईंना विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्या बाजाराला गेल्या होत्या.

घरी आल्यावर त्या यादीची शाळेची प्रत काढली. निवृत्त होताना ती मी जवळ ठेवली होती. मावशींच्या ओळीखाली थोडी जागा होती. पट्टी लावून एक ओळ वाढवली. नाव लिहिलं. मालकीणबाईंकडून ते मी विचारून आलो होतो. वय लिहिलं. आजार लिहिला, डब्यावर वाचलेली औषधं लिहिली.

पाचव्या चौकटीशी पेन थांबलं. बुधवारचे अकरा वाजून गेले की मी अजूनही तो कागद समोर घेतो. ती चौकट कोरीच आहे.