कूलर बंद करा, डिस्क लावलीय

होळी नुकतीच होऊन गेली होती. सकाळी वसंतभाऊंच्या नंबरावरून फोन आला आणि मी सवयीने समोरच्याला बोलूच दिलं नाही. “काय जळगावकर, आज कुठे घोडं अडलं?” असं विचारून मोकळा झालो. पण पलीकडे ताई होत्या. “भाऊ, मी बोलतेय. हे गेले हो. पहाटे, झोपेतच.” चेष्टेचं बोलणं तोंडातून निघून गेलं होतं आणि ते परत घेता येत नव्हतं. वसंतभाऊ असते तर म्हणाले असते, धुळेकर आधी बोलतात आणि मग ऐकतात. त्या दिवशी जळगावला जाताना पारोळ्यापर्यंत मी हेच त्यांच्या आवाजात ऐकत होतो.

वसंतभाऊ माझे साडू. त्यांच्या पत्नी, म्हणजे ताई, आणि माझी बायको लता या दोंडाईच्याच्या आप्पांच्या दोन मुली. साडू हे नातं मोठं गमतीचं असतं. त्यात भावाचा हक्क नाही आणि मित्रासारखी निवडही नाही. सासरच्या मांडवात दोघांना एकदा शेजारी बसवतात, की पुढे आयुष्यभर शेजारी बसणं आलं. ते जळगावला पाटबंधारे खात्यात होते, मी धुळ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवायचो. भेटलो की वांग्याच्या भरतावरून भांडायचो. त्यांच्या मते भरीत फक्त जळगावात होतं, बाकीकडे लोक वांगी जाळतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि नात्यातल्या लग्नांच्या जुन्या कॅसेट डीव्हीडीवर उतरवून देण्याचा नाद लावून घेतला. ज्याला त्याला सांगायचे, कॅसेटला बुरशी लागते, आणा लवकर. लोक आणूनही द्यायचे, कारण व्हीसीआर कोणाच्याच घरी उरला नव्हता. यांनी मात्र भुसावळच्या एका भंगारवाल्याकडून एक मिळवला होता आणि त्याला ते लहान मुलासारखं जपत.

आमच्या घरात तेव्हा एक जुनं दुखणं होतं. आमचा मेव्हणा सुनील, आप्पांचा मुलगा, याचं लग्न दोंडाईच्याला झालं, त्या लग्नातलं. आमच्याकडे लग्नात जेवणाआधी सोयऱ्यांना स्पीकरवरून नाव पुकारून बोलावतात आणि टॉवेल-टोपी देऊन मान करतात. वस्तू साधीच, पण भरल्या मांडवात आपलं नाव घेतलं जातं, त्यात सगळं आलं. माझे वडील, आबा, हे आप्पांचे व्याही, तेव्हा त्यांचं नाव पहिल्या मानातलं. आबांचं म्हणणं, मला पुकारलंच नाही. आप्पांचं म्हणणं, पुन्हा पुन्हा पुकारलं. आबा न जेवता उठले, गाडी धरून घरी आले आणि त्यानंतर त्यांनी दोंडाईच्याला पाय ठेवला नाही.

याचा भार उचलला तो लताने. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातली प्रत्येक लेक माहेरी जाते, तशी तीही जायची. सुनील तिला न्यायला यायचा, पण आबा त्याला घरात या म्हणायचे नाहीत. तो ओट्यावर बसायचा. लता तांब्याभर पाणी नेऊन द्यायची, ते तो प्यायचा, बहिणीची पिशवी उचलायचा आणि दोघं निघायची. घरात आमरस केलेला असायचा आणि सख्खा भाऊ उंबऱ्याबाहेरून नुसतं पाणी पिऊन जायचा... इतर बायका माहेरी हसत निघतात, लता पदराने डोळे टिपत निघायची. मी आबांना समजावून पाहिलं, ताईंनी पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

वसंतभाऊंनी एके वर्षी आप्पांच्या ट्रंकेतून सुनीलच्या लग्नाची कॅसेट शोधून आणली. मी म्हटलं, त्यात काय नवीन, आम्ही सगळ्यांनी तेव्हा भाड्याचा व्हीसीआर आणून पाहिली होती. “पाहिली म्हणजे काय पाहिली?” ते म्हणाले. “टॉवेल-टोपी लागली की सगळे ओरडतात, फॉरवर्ड करा, फॉरवर्ड करा. तेवढा भाग सोडून बाकी पाहिली.” हे मात्र खरं होतं. दुसऱ्याच्या डोक्यावरची टोपी कोण बघत बसतं? मी विचारलं, मग तुम्ही पाहिलात का तो भाग, काय आहे त्यात? त्यावर ते हसले आणि सांगेनात. “मी सांगून काय उपयोग? आबांच्या लेखी मी आप्पांचा जावई. त्यांनी स्वतःच्या घरात, स्वतःच्या टीव्हीवर, स्वतः पाहायला पाहिजे. आणि या आखाजीच्या आत. दोघं म्हातारे किती दिवस पुरणार, साडभाऊ?”

इथून त्यांची आणि त्या डीव्हीडीची झटापट सुरू झाली. पहिली डिस्क धुळ्याला आली, तर आमच्या प्लेअरने तिला ओळखच दिली नाही. वसंतभाऊंनी कॉम्प्युटरवरची फाइल जशीच्या तशी डिस्कवर टाकली होती. ती कॉम्प्युटरला समजत होती, टीव्हीखालच्या डबड्याला नाही. दुसऱ्या वेळी सगळं नीट लिहिलं, पण शेवटी डिस्क बंद करायची असते ती राहिली. “पोतं भरलं आणि तोंड शिवायचं विसरलो,” असं ते फोनवर म्हणाले, जसं काही पोतं दुसऱ्या कोणाचं होतं. तिसऱ्या वेळेपासून तर डिस्क पूर्ण होण्याआधीच मधे बंद पडायला लागली. कधी अर्ध्यावर, कधी शेवटाला. त्यांनी डिस्कांची जात बदलली, वायरी बदलल्या, कॉम्प्युटर उघडून धूळ काढली. बिघडलेल्या डिस्का ताईंनी दोऱ्यात ओवून गच्चीवर टांगल्या. तिथे त्यांचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातलेले असायचे आणि चमकणाऱ्या डिस्कांना कावळे भ्यायचे. “तुमच्या साडूंचं काहीतरी कामाला आलं,” असं त्या मला सांगायच्या.

दोष सापडला तो ताईंच्या प्रेमातच. जळगावचा उन्हाळा काय असतो ते जळगावकरालाच विचारावं. वसंतभाऊ घामाघूम होऊन कॉम्प्युटरपुढे बसलेले पाहिले की ताईंना राहवायचं नाही. त्या हळूच येऊन कूलर लावून जायच्या. कूलरची मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली यायचं, दिवा एकदा मिचकायचा आणि आतली डिस्क गतप्राण व्हायची. हे लक्षात यायला वसंतभाऊंना बराच उन्हाळा लागला, कारण बायकोने केलेल्या गारव्यावर संशय घेणं त्यांच्या मनात आलं नाही. आलं, तेव्हा घरात कायदा झाला. डिस्क ट्रेमध्ये गेली की ते आतूनच ओरडायचे, “कूलर बंद करा, डिस्क लावलीय.” मग सगळं घर उकडत बसायचं. एकदा मीही बसलो होतो त्यांच्याबरोबर, दोघं बनियनवर, पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकताना पाहत. एवढा संयम मी माझ्या मुलांच्या निकालालाही दाखवला नव्हता.

अखेर एक डिस्क झाली. त्यांनी जळगावात ती पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून पाहिली, कुठेही अडली नाही. मग हौसेने तिच्यावर लेबल चिकटवलं, वर गणपती, खाली नवरा-नवरीची नावं, थेट लग्नपत्रिकेसारखं. कॅसेट मोठी म्हणून दोन डिस्का केल्या होत्या आणि टॉवेल-टोपी पहिलीच्या शेवटाला येत होती. मी आबांना कसंबसं टीव्हीपुढे बसवलं. हळद झाली, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या... आणि पुकारणाऱ्या माणसाने माइक हातात घेतला, तोच चित्राचे चौकोन चौकोन झाले आणि आवाज थांबला. पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच. आबा उठले. “देखा, तठेच अडनं. त्यास्नी कापी टाकं,” एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले. आजवर रुसवा होता, आता तेवढा भाग कापल्याचा संशयही आला. स्वयंपाकघरातला लताच्या भांड्यांचा आवाज थांबला.

मी फोनवर चिडलो. ते म्हणाले, डिस्क जळगावात चालते, धुळ्याचा प्लेअर खराब आहे. मी म्हटलं, मग ठेवा जळगावातच. त्यांनी फोन ठेवला. आखाजी तोंडावर आली होती, आता हे राहिलं असं मी धरून चाललो. आणि भर दुपारी दारात वसंतभाऊ उभे. एसटीने आले होते, काखेत चादरीत गुंडाळलेला त्यांचा स्वतःचा प्लेअर. पाणीसुद्धा न पिता त्यांनी तो आमच्या टीव्हीला जोडला. आबा पलंगावर पाठ करून पडले होते. जळगावचा प्लेअर, जळगावची डिस्क... आणि तरी ती तिथेच अडली.

वसंतभाऊ जमिनीवर बसून राहिले. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता, आता चेष्टा करावी असं मनातही आलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी डिस्क बाहेर काढली, उजेडात तिरकी धरली. लेबलाची कड उचलली गेली होती, उन्हात बिबड्याची कड उचलली जाते तशी. “साडभाऊ,” ते हळू म्हणाले, “मी तपासतो ते लेबल लावायच्या आधी.” मग मला समजावलं. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, शेवटचा भाग कडेला असतो. उन्हाने कागद ओढला गेला की फिरताना कड थरथरते आणि कडेचंच वाचता येत नाही. कोणी काही कापलं नव्हतं. त्यांनीच तिला नटवलं होतं. पिशवीत सुनीलसाठी केलेली दुसरी प्रत होती, लेबलं संपली म्हणून कोरीच राहिलेली. ती लावली.

ती अडली नाही. पुकारणाऱ्याचा आवाज आला, “धुळ्याचे व्याही, मांडवात असतील तिथून पुढे या.” मग आबांचं नाव. आप्पा हातात टॉवेल-टोपी घेऊन उभे, टाचा उंचावून मांडवभर पाहताहेत. पुन्हा नाव. आप्पांनी कोणाला तरी बाहेर पाठवलं, तो हात हलवत परत आला. पुन्हा नाव. पुढचा सोयरा येऊन उभा राहिला, तेव्हा आप्पांनी तो टॉवेल आपल्याच खांद्यावर टाकला, टोपी काखेत धरली आणि पुढच्यासाठी दुसरी जोडी मागवली. आबा कधी उठून बसले ते आम्हाला कळलं नाही. “अजून लावा,” म्हणाले. दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर त्यांनी पलंगावरून पाय खाली सोडले. “मी चहा पेवाले गयथू,” ते म्हणाले, “टेसनवर.” आणि मग, अगदी हळू, “माले हुडकी राह्यनात.” वसंतभाऊंनी मान खाली घातली. आबांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि विचारलं, “तो टावेल कोठे शे आते?”

“आप्पांच्या ट्रंकेत,” वसंतभाऊ म्हणाले. “टोपीसकट. कॅसेटच्या शेजारीच होता.”

त्या आखाजीला सुनील आला आणि सवयीने ओट्यावर टेकला. आबा दारात गेले. “मझार ये, भाऊ,” म्हणाले आणि त्याला आत घेतलं. लताने त्याला रस वाढताना वाटी भरून वाहिली, निम्मा रस ताटात सांडला. सुनीलने तो भाकरीने पुसून खाल्ला. आबाही त्यांच्याबरोबर दोंडाईच्याला गेले. आप्पांनी मांडव नसताना, सण म्हणून, त्यांच्या डोक्यावर ती टोपी घातली. वसंतभाऊ कॅमेरा घेऊन हजर होतेच. त्याचीही डिस्क झाली, बिनलेबलाची. आबा आणि आप्पा आज दोघंही नाहीत, पण जाण्याआधी त्यांनी एकमेकांकडे खूप जेवणं केली. मला आयुष्यात मिळालेल्या चांगल्या गोष्टींत मी हे धरतो, आणि ते मला माझ्या साडूने दिलं. त्यांच्या हयातीत हे मी त्यांना एकदा सरळ सांगितलंही होतं. त्यावर ते म्हणाले होते, भरीत जळगावचंच, एवढं कबूल करा म्हणजे झालं.

यंदाची आखाजी झाली आणि मी जळगावला गेलो. डिस्काही आता म्हाताऱ्या होतात, त्यांच्यातलं सगळं नातवंडांसाठी पेनड्राइव्हवर घ्यावं असं ताईंच्या मनात होतं. मी लॅपटॉप नेला होता. गच्चीवर बिबडे वाळत होते, वर त्या जुन्या डिस्का वाऱ्याने गरगर फिरत होत्या. वसंतभाऊंच्या खोलीत त्यांची खुर्ची, भंगारवाल्याचा व्हीसीआर आणि खिडकीत कूलर. त्यांच्या खुर्चीत बसायला मला जरा वेळ लागला. मी पहिली डिस्क ट्रेमध्ये ठेवली, आत ढकलली. ताई ताकाचा पेला घेऊन आल्या होत्या. तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला, खिडकीपाशी गेल्या आणि कूलर बंद केला.

लॅपटॉपला बॅटरी असते. कूलर दहादा लावा नाहीतर बंद करा, आता काही अडत नाही. मला हे ठाऊक होतं, पण मी बोललो नाही. ताई खाटेवर बसल्या. मी शर्टाची वरची बटणं सोडली. खोलीत हळूहळू उकडायला लागलं, आणि आम्ही दोघं पट्टी सरकताना पाहत बसलो. पट्टी शेवटाला पोचली तेव्हा माझी पाठ घामाने भिजली होती. मी ताईंकडे पाहिलं, आता उठतील म्हणून. त्या उठल्या नाहीत. पदराने वारा घेत म्हणाल्या, “दुसरी लावा, भाऊ. कूलर बंदच आहे.”