दात वाजवणारी पाहुणी

माझी मुलगी नोकरीसाठी परदेशी गेली आणि जाताना दोन गिनीपिग माझ्या हॉलमध्ये ठेवून गेली. "आई, त्यांचा काही त्रास नसतो," म्हणाली. मी तोंडावर सांगितलं, ही उंदरं आहेत, मला उंदीर बघवत नाहीत, आणि आता या वयात मी कुणाचं हगणं-मुतणं काढणार नाही. ती हसली आणि विमानात बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिंजरा झाडत होते.

मी एका कार्यालयात कारकुनी करून निवृत्त झालेली बाई. नवरा आदल्या वर्षी गेलेला. खरं सांगायचं तर त्या काळात मला घरातल्या शांततेची भीती वाटायची. टीव्ही लावून ठेवायचे आणि बघायचे मात्र नाही. नाशिकच्या सिडकोतलं आमचं घर तसं लहान, पण बोलणारं कुणी नसलं की तेच घर अंगावर येतं.

पहिल्या आठवड्यात माझी डाळ रोज कच्ची राहायला लागली. तीन शिट्ट्या झाल्या की मी गॅस बंद करायचे, झाकण काढलं की दाणा दाताखाली कचकच. मी कुकरला शिव्या घातल्या, रिंग बदलली. मग एकदा कोथिंबिरीची पिशवी उघडत होते, तर हॉलमधून लांबलचक, उंच शिट्टी आली. गॅसवर तेव्हा काहीच नव्हतं. पिंजऱ्याच्या गजांना धरून दोघी उभ्या, तपकिरी आणि काळी, आणि तोंडं माझ्याकडे. यांच्या शिट्ट्या मी कुकरच्या हिशेबात धरत होते.

त्यानंतर मी कान देऊन ऐकायला लागले. पिशवी वाजली की शिट्टी, म्हणजे आण लवकर. मांडीवर घेऊन कानामागं खाजवलं की पोटातून मऊ घुरघुर. आणि दोघी एकीमागं एक फिरताना सारखं बारीक चुटचुट चालायचं, बाजारात निघालेल्या मैत्रिणी बोलतात तसं, काही विशेष नाही, नुसतं चालू आहे. मला तेच सगळ्यात आवडायचं. मी टीव्ही लावणं कधी सोडलं ते माझंच मला कळलं नाही.

थंडी सुरू होता होता काळी आजारी पडली आणि गेली. तपकिरी एका कोपऱ्यात जाऊन बसली. मी फ्रीज उघडला, पिशवी वाजवली, मुद्दाम दोनदा वाजवली. शिट्टी नाही. चाराही तसाच. जनावरांच्या डॉक्टरांनी तिला उलटीपालटी करून तपासलं आणि म्हणाले, "हिला आजार नाही, ही एकटी पडलीय. ही जात एकटी राहत नाही. दुसरी सोबतीण बघा, आणि तोवर खात नसेल तर भरवा, यांचं पोट रिकामं राहिलं तर हातची जाईल." मी रिक्षात तिला ओढणीत धरून बसले आणि घर येईपर्यंत रडले. एका उंदरासाठी.

त्याच दुपारी आक्कांचा फोन आला. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, सिन्नरला मुलाकडे राहतात. मुलगा-सून दोघं कारखान्यात, आक्का दिवसभर घरात एकट्या. आमचं दोघींचं कधी फार जमलं नाही. त्यांचा भाऊ होता तोवर येणंजाणं होतं, मग फोनवर आलं. मी सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. त्या म्हणाल्या, "मी येते." दुसऱ्या दिवशी एसटीनं हजर, एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात मक्याचा हिरवा पाला.

तिच्या खाण्याच्या गोळ्या भिजवून त्यांची पातळ पेज करायची आणि बिनसुईच्या सिरिंजनं थेंब थेंब तोंडात सोडायची. मी धरायचे, आक्का भरवायच्या. आणि तोंड अखंड चालू. "काय गं, जेवायचं नाय व्हय तुला? मंग मी एवढ्या लांबून कशाला आले? तुझं थोबाड बघायला?" सकाळची बुद्धवंदनाही त्या पिंजऱ्याशेजारी बसूनच म्हणायच्या. तपकिरी गिळायची, पण आवाज काढायची नाही.

इंदिरानगरमधल्या एका कुटुंबातली मुलं मोठी झाली होती, त्यांच्याकडची एकटी राहिलेली पांढरी मी घेऊन आले. चादर अंथरून दोघींना समोरासमोर सोडलं. तपकिरी ताठ झाली आणि तिचे दात कटकट कटकट वाजायला लागले.

"अगं, थंडी वाजतीय तिला," आक्का म्हणाल्या. "दात वाजत्यात बघ."

मलाही पटलं. नाशिकची थंडी, आम्ही दोघीच स्वेटर घालून कुडकुडत होतो. आक्कांनी खुंटीवरचा माझ्या नवऱ्याचा मफलर काढून तपकिरीला गुंडाळलं. मी गरम पाण्याची पिशवी आणली. दात आणखी जोरात वाजायला लागले. पांढरीलाही शेकलं, तीही वाजवायला लागली. शेवटी मी मुलीला व्हिडिओ कॉल लावला. तिनं मफलरातलं ते तोंड बघितलं आणि पोट धरून हसली. "आई, थंडी नाही वाजत तिला. ती भडकलीय. हे माझं घर आहे, लांब राहा, असं सांगतेय ती. आणि तुम्ही तिला शेकताय."

मी ओशाळले. आक्का मात्र मफलर सोडवता सोडवता म्हणाल्या, "मंग बरंय की. राग आला म्हंजी जीव आला."

किती खरं बोलल्या त्या. इतके दिवस मुक्यानं बसलेली ती, तिला आता कुणीतरी भांडायला मिळालं होतं. त्या संध्याकाळी तिनं आपणहून मक्याचं पान ओढलं.

मध्ये जाळी लावून दोघींना शेजारी ठेवलं. इकडं दात, तिकडं दात. आणि स्वयंपाकघरात आमचे. आक्कांनी माझा मसाल्याचा डबा वरच्या फळीवर ठेवला, मी खाली आणला. त्यांना भाजीत कूट जास्त लागायचं, मला कमी. "हे माझं घर आहे" असं मी तोंडानं म्हणत नव्हते, इतकंच. आवाज चढायचे, जेवणं मात्र एकत्र व्हायची, आणि रिकाम्या घराची ती भीती मला कित्येक दिवसांत आठवलीही नव्हती.

मग एका सकाळी जाळी काढली, तर दोघी एकमेकींना चिकटून आडव्या झाल्या. दुपारी चुटचुट सुरू झालं. आम्ही दोघी दारात उभ्या राहून ऐकत होतो, भाजी तशीच निवडायची राहिली.

दुसऱ्या दिवशी आक्का पिशवी भरायला लागल्या. काम झालं, आता जाते, म्हणाल्या. मला एकटं पडायची भीती वाटली की आधी राग येतो.

"कुठं निघालात? त्या तपकिरीला तुमच्या आवाजाची सवय लागलीय. परत मुकी झाली तर मी काय करू?"

आक्कांनी घडी घातलेलं लुगडं हातातच धरलं. "तिला लागली. तुला नाय लागली व्हय?"

कारकुनीत आयुष्य गेलं, टोलवाटोलवी मला नीट जमते. त्या दिवशी जमली नाही. "लागलीय," मी म्हणाले. "राहा, आक्का. तुमचे माझ्यावर उपकार झालेत."

आक्कांनी लुगडं पिशवीत न ठेवता खुर्चीवर टाकलं आणि पदरानं नाक पुसत स्वयंपाकघराकडं वळल्या. "मंग आधी गॅस बंद कर बाई. कवाचा शिट्ट्या मारतोय कुकर."

मी कुकर चढवलाच नव्हता.