कापसाच्या खोलीत दादा

ऑपरेशननंतर मी कापसाच्या खोलीत राहिलो, ही माझीच हौस. मुलाने आणि सुनेने समोरच्या खोलीत खाट टाकायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, समोर दहा माणसं येणार-जाणार, आणि मोरी-संडास मागच्या खोलीला लागून आहे. त्या मागच्या खोलीत दोन वेच्यांचा कापूस भरलेला होता, अर्ध्या भिंतीहून वर. मुलाने ढीग मागे रेटून माझ्या खाटेपुरती जागा केली. वर झरोक्याएवढी एक खिडकी, बाजूला दार, आणि बाकी सगळा पांढरा कापूस. त्या खोलीत आवाज टिकत नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खोकलो तर खोकला तोंडाजवळच संपायचा. अंगणात सून भांडी घासायची, तेही मला ऐकू यायचं नाही.

मी एसटीत ड्रायव्हर होतो. दारव्हा डेपो. नेर, महागाव, यवतमाळ, जिथे पाठवतील तिथे. कंडक्टरने घंटी दिली की निघायचं, पोटात कळ असो की काही असो. तीस वर्षं लघवी दाबून गाडी चालवली. साठी उलटल्यावर तिने सगळा सूड काढला. तासातासाला उठायचं, मोरीत भिंतीला हात टेकून उभं राहायचं, आणि चार थेंब. मी ते दोन वर्षं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं ते शेवटी दादाचं जे झालं त्याच्या धाकाने.

दादा माझा मोठा भाऊ, सात वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, त्याने शेत ओढलं आणि मला शिकू दिलं. त्याला हाच त्रास होता. वहिनीलाही त्याने पत्ता लागू दिला नाही. पाय सुजले तेव्हा म्हणाला, उभा राहून कामं केली म्हणून. अन्न नको झालं तेव्हा म्हणाला, पित्त. यवतमाळला नेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, लघवी तुंबून तुंबून दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठ दिवसांत तो गेला. मला दुःख झालं, पण त्याहून जास्त राग आला. तिरडी बांधताना मी सुतळी रागाने करकचून आवळत होतो. लोकांना वाटलं, भावाचं प्रेम. मी मनात त्याला शिव्या देत होतो.

म्हणून मी शहाणा झालो आणि मुलाबरोबर यवतमाळला जाऊन लेझरचं ऑपरेशन करून घेतलं. चिरफाड नाही, टाके नाहीत. कमरेत एक सुई, आणि कमरेखाली आपलं काहीच नाही असे दोन-तीन तास. प्रोस्टेटची वाढलेली गाठ आतल्या आत काढली. तिसऱ्या दिवशी नळी काढली तर लघवीच होईना. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं जोर लावून लघवीची पिशवी थकली आहे, तिला दहा दिवस विश्रांती देऊ. पुन्हा नळी घातली, खाली थैली लावली आणि घरी पाठवलं. निघताना बजावलं : पाणी भरपूर प्या. थैली कायम कमरेच्या खाली ठेवा. लघवी लाल झाली किंवा थांबली, तर त्याच मिनिटाला फोन. कळा आल्या तर ही गोळी, दिवसातून दोनदाच. मी मान डोलावली. ड्रायव्हरला रस्ता सांगितलेला आवडत नाही.

नळी असलेल्या माणसाला एक चमत्कारिक गोष्ट कळते. लघवी आपली, पण ती आपल्याला विचारत नाही. तुम्ही चहा पीत असता, बोलत असता, आणि ती आपली चाललेली असते. उलट थैली भरत असतानाही आत जोराची कळ येते की आता उठलंच पाहिजे, आणि उठून काही उपयोग नसतो. पहिले दोन दिवस मी त्या नळीकडे बघत पडायचो. माझ्या आतून कोणीतरी दुसराच माणूस निघून चालला आहे असं वाटायचं, थोडा थोडा.

आणि भेटायला येणारे! आमच्याकडे माणूस आजारी पडला की अख्खं गाव येऊन बसतं. बोरी अरबहून व्याही आले, गल्लीतल्या बाया आल्या, डेपोतले जुने दोस्त आले. प्रत्येकाची नजर पहिल्यांदा खाटेखाली जायची. पिवळं पाणी भरलेली थैली लोकांपुढे मांडून बसायची मला लाज वाटली. मी ती उचलली, खाटेच्या वरच्या खुंटीला टांगली आणि त्यावर दुपट्टा टाकला. दिसायला कसं छान. पाणी चढाला चालत नाही हे ज्याने आयुष्यभर गाड्या घाटात चढवल्या त्याला सुचलं नाही. लोक गेले तरी थैली तिथेच राहू लागली, कारण सूनही येत-जात होती.

त्या कळांवरची गोळी मी दुखलं की घ्यायचो. तीन झाल्या, चार झाल्या. तोंड कोरडं पडलं, संडासला साफ होईना, मी जोर करायचो. घरी येऊन पाचव्या दिवशी लघवी चहासारखी तांबडी झाली. मी थैली मोरीत स्वतः ओतली, वरून दोन तांबे पाणी टाकलं, आणि सुनेला सांगितलं, सगळं ठीक आहे.

दादा आला तो सातव्या दिवशी, दुपारी. वेचणीचे दिवस, गावात चिटपाखरू नाही. मुलगा आणि सून शेतात. मी खाटेवर पडून होतो. कापसाचा ढीग कधी कधी आपोआप खचतो, वरून थोडासा सरकतो, त्याला आवाज नसतो. तसा तो सरकला, आणि जिथे सरकला तिथे दादा बसलेला होता. गुडघे पोटाशी घेऊन, बांधावर बसायचा तसा. अंगावर धोतर आणि बंडी. बंडीला कापूस लागला होता.

मी दचकलो नाही. आज आठवलं की अंगावर काटा येतो तो याचाच, की मी दचकलोच नाही. मला बरं वाटलं.

"कशी हाय तब्येत, लहान्या?" तो म्हणाला.

"बरी हाय दादा. सकाळपासून थैली भरून नाही राह्यली."

"भरन. घाई कायची हाय?"

त्याचा आवाज त्या खोलीत नीट ऐकू येत होता. माझा येत नव्हता, त्याचा येत होता. सकाळच्या चहानंतर मी तीन तांबे पाणी प्यालो होतो आणि थैलीत एक थेंब नव्हता. पोट जड झालं होतं. बेंबीखाली काहीतरी वर वर येत होतं. मी दादाला म्हटलं, सून जेवण घेऊन येईल, तिला सांगतो, डॉक्टरला फोन करू.

"तिले कायले सांगतं? थे दिवसभर वेचून थकून येते. अन् सांगशीन काय? सुनेले हे सांगाची गोष्ट हाय काय?"

मला ते पटलं. दादाचं मला नेहमीच पटायचं.

"दुखते रे दादा."

"दुखते तं दुखू दे. माहं बी असंच झालतं. मंग बंद होते दुखनं. एकदम बंद." असं म्हणून तो हसला. फार मायेने हसला. लहानपणी मला ताप आला की कपाळावर हात ठेवून असाच हसायचा.

सून आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. तिने ताट स्टुलावर ठेवलं. "मामाजी, उठा, जेवून घ्या. थैली वतली काय?"

"आत्ताच वतली."

"लाल तं नाही ना?"

"नाही वं. पिवळी हाय."

किती सहज बोललो मी! वर दुपट्ट्याआड थैली कोरडी लटकत होती, आणि दादा ढिगावरून माझ्याकडे बघून मान हलवत होता, जशी मी पहिल्यांदा नांगर नीट धरला तेव्हा हलवली होती. सून गेली. दाराबाहेर तिची चप्पल दोनदा वाजली, आणि मग कापसाने तोही आवाज घेतला.

त्यानंतर कळ आली ती वेगळीच. पाठीतून मांड्यांत उतरली. नळीच्या बाजूने काहीतरी गरम झिरपलं. मी सुनेला हाक मारली. खरंच मारली, तोंड उघडून, जोर लावून. हाक माझ्या ओठांपासून वीतभर गेली आणि पांढऱ्यात बुडाली. दादा म्हणाला, "ओरडू नोको. मी हावो ना." तो आता खाली सरकला होता. माझ्या खाटेच्या काठावर बसण्यासाठी त्याने जागा मागितली, आणि मी भिंतीकडे सरकून ती दिली.

"हो दादा," मी म्हणत होतो. "नाही सांगत. कोनालेच नाही सांगत."

"मामाजी, कोनासंग बोलून राह्यले?"

सून दारात उभी होती. मोरीत भांडी ठेवायला गेली आणि तिला थैली ओतायची बादली ठणठणीत कोरडी दिसली, असं तिने नंतर सांगितलं. तेव्हा ती सरळ आली, दुपट्टा ओढला, थैली पाहिली. मग तिने जे केलं ते आमच्या घरात कधी झालेलं नाही. माझ्यासमोर अजून डोक्यावरचा पदर सांभाळणारी ती पोर माझ्या पोटावर हात ठेवून उभी राहिली. पोट दगड झालं होतं. तिने थैली खुंटीवरून काढून जमिनीवर ठेवली. नळीत एक काळी गुठळी थोडी खाली सरकली आणि तिथेच अडकली.

"खोटं काहून बोलले तुमी?" ती एवढंच म्हणाली, आणि फोन काढला.

शेजाऱ्याची गाडी मिळाली. मुलगा शेतातून थेट रस्त्यावर येऊन चढला, पुढे बसला. मागे मी, सून, आणि आमच्या मध्ये दादा. मी त्याच्यासाठी अंग चोरून बसलो होतो. सुनेने ते पाहिलं. तिने आधी त्या मधल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि यवतमाळ येईपर्यंत तिने त्या जागेवर हात टेकवला नाही. एकदा गाडी वळणावर झुकली तरी नाही.

दवाखान्यात मला टेबलावर घेतलं. डॉक्टर हातमोजे चढवत म्हणाले, "आता नीट सांगा. लघवी कधीपासून बंद आहे? रक्त कधीपासून? त्यावर ठरवायचं आहे, नुसतं धुऊन भागेल की आत जावं लागेल. किडनीचंही बघायचं आहे."

सून माझ्या डोक्याशी उभी होती, मुलगा कागद भरायला गेला होता. दादा दारापाशी, भिंतीला टेकून. बंडीचा कापूस तसाच होता. तो हळूच म्हणाला, "आत्ताच झालं म्हन. घंटाभर. सून हाय इथं."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे पाय पाहिले. धोतराखाली ते सुजलेले होते, शेवटी होते तसेच, तकतकीत, चपलेत न मावणारे. इतका वेळ तो बसलेला होता, मला ते दिसले नव्हते. आणि मला एकदम तो तिरडीवरचा राग आठवला. पण आता राग येईना. फार भीती वाटली, आणि त्याची फार दया आली.

"सकाळच्या चहापासून बंद आहे," मी डॉक्टरांना म्हटलं. "रक्त परवापासून आहे. मी मोरीत ओतून टाकलं, हिला कळू दिलं नाही. थैली खुंटीवर टांगली होती, लाज वाटली म्हणून. गोळ्या दिवसाला चार-पाच घेतल्या. हिच्याशी मी खोटं बोललो. आणि दुपारपासून मला माझा मेलेला भाऊ दिसतो आहे. आत्ताही दिसतो आहे. तिथे उभा आहे."

सुनेने माझा हात धरला. डॉक्टर दाराकडे वळलेही नाहीत. म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. ती गोळी बंद करू. भाऊ जाईल एक-दोन दिवसांत." मग त्यांनी मोठी सिरिंज लावून पाणी आत सोडलं आणि ओढलं, सोडलं आणि ओढलं. काळ्या गुठळ्या ट्रेमध्ये पडू लागल्या. कितव्या तरी वेळेला मोकळी धार लागली, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नर्स म्हणाली, झालं बाबा, झालं, आता नाही दुखणार.

मी दुखण्याने रडत नव्हतो. दादा भिंत सोडून जरा पुढे आला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या हातातल्या सुनेच्या हाताकडे बघत होता. आणि त्या मोठ्या माणसाने, ज्याने मला बोलायला, चालायला, नांगर धरायला शिकवलं, त्याने अगदी लहान पोरासारखं मला विचारलं :

"असं सांगता येते काय रे, लहान्या?"